वजन उतरतंय आणि ब्रा बसत नाही: माप न बसणाऱ्या ब्रालाच विचारा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, चार ओळींत उत्तर होईल. दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आलं की तुम्ही एकात बरेच प्रश्न विचारलेत आणि त्यातल्या एकाचं उत्तर तुमच्याच वाक्यात दडलेलं आहे.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. सहा महिन्यांत ११ किलो उतरलंय, अजून ८-१० किलो उतरवायचंय. पूर्वी ३८ सी घालत होतात. (यातला आकडा पट्ट्याचा, म्हणजे स्तनांखालून पाठीपर्यंत फिरणाऱ्या भागाचा, आणि अक्षर कपाचं.) ती आता पाठीवर वर चढते आणि स्ट्रॅप खांद्यावरून घसरतात. म्हणून ‘दोन्ही एकेक पायरी खाली’ असा हिशेब करून त्याच कंपनीची ३६ बी घेतलीत. तिचा पट्टा नवीन असूनही आतल्या, म्हणजे सगळ्यात घट्ट हुकावरच नीट बसतो. काखेच्या बाजूने मांस बाहेर येतं आणि तरी कपाच्या वरच्या कडेला पोकळी राहते. टेप लावलीत तर स्तनांखाली ३४ इंच, स्तनांवर ३८. आता विचारताय की वजन स्थिरावेपर्यंत थांबावं का, घ्यायची तर कुठली आणि किती, आणि भरभर चालताना-धावताना काय घालावं.

मी अठरा वर्षं ब्रा-फिटिंगचं काम करते. वजन उतरत असलेली बाई ट्रायल रूममध्ये येते तेव्हा तिचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं, ‘माझं शरीरच विचित्र झालंय.’ तुम्हीही जवळपास तेच लिहिलंयत. शरीराला काही झालेलं नाही. छातीचा पिंजरा आणि स्तन हे दोन वेगवेगळ्या वेगाने बारीक होत असतात, आणि लेबलावर मात्र दोघांना एकाच जोडनावात बांधलेलं असतं. एक बदललं की दुसऱ्याचं अक्षरही बदलतं. हा गोंधळ तुमच्या अंगात नाही, लेबलात आहे.

आता ज्या गोष्टी मला इथे बसून सांगता येणार नाहीत, त्या आधीच सांगते. अजून दहा किलो उतरल्यावर तुमचे स्तन किती कमी होतील, हे कुणीच सांगू शकत नाही. स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात आणि चरबी असते, आणि त्यांचं प्रमाण प्रत्येकीचं वेगळं असतं. जिच्यात चरबीचा वाटा मोठा तिचे स्तन वजनाबरोबर लवकर उतरतात. ग्रंथींचा वाटा मोठा असेल तर पोट-कंबर उतरूनही स्तन फारसे हलत नाहीत. पाळी बंद झाल्यानंतर चरबीचं प्रमाण वाढत जातं, त्यामुळे पन्नाशीनंतर वजन उतरवणाऱ्या बायकांचा कप बऱ्याचदा झपाट्याने रिकामा होतो. त्यात वय, बाळंतपणं, वजन किती वेगाने उतरलं, त्वचेत किती ताण शिल्लक आहे, हे सगळं आलं. पिंजऱ्याचं मात्र बरंचसं ठरलेलं असतं. हाडं बारीक होत नाहीत, त्यांच्यावरचा थर होतो. म्हणून पट्ट्याचं माप कधीतरी थांबतंच आणि पुढे किलो उतरले तरी हलत नाही.

आता मुद्द्यावर येते. कपाचं अक्षर एकटं काहीच सांगत नाही. ‘सी कप’ नावाचा कुठलाही ठरलेला आकार नाही. ३२ सी आणि ४० सी शेजारी ठेवून बघा, एकात दुसरा सहज मावेल. अक्षर म्हणजे वरच्या आणि खालच्या मापातला फरक, एवढंच. त्यामुळे पट्टा एक साइज खाली आणला आणि कपातली जागा तेवढीच ठेवायची असली, तर अक्षर एक पायरी वर जातं. ३८ सी, ३६ डी आणि ३४ डीडी या तिघींच्या कपात सारखीच जागा असते. आमच्या कामात यांना बहिणी-साइज म्हणतात.

हे धरून तुमची ३६ बी बघा. तुम्हाला वाटलं, आपण एक पायरी उतरलो. प्रत्यक्षात ३८ सी च्या जागेची ३६ मधली बहीण ३६ डी आहे. तिथून बी म्हणजे दोन कप खाली. अकरा किलोंत तुमच्या स्तनांनी कदाचित एक कप सोडला असेल, तुम्ही त्यांच्याकडून दोन वसूल करायला गेलात. मांस काखेतून बाहेर येईल नाही तर काय? आणि पट्टा ३६ चा असून नव्या ब्रालाच शेवटचा हुक लावावा लागतोय, म्हणजे त्या कंपनीचा ३६ सुद्धा तुम्हाला मोठा आहे. आता दोन्ही पुरावे एकत्र करा. पट्टा ३४. कप ३४ सी पेक्षा नक्की मोठा, कारण ३४ सी ही ३६ बी चीच बहीण आणि ती तुम्हाला लहान पडतेय. म्हणून त्याच कंपनीची ३४ डी आणि ३४ डीडी या दोन घेऊन ट्रायल रूममध्ये जा. माझा अंदाज डी वर आहे, पण डीडी घातल्याशिवाय बाहेर येऊ नका.

वजन उतरलं आणि अक्षर सी वरून डी झालं, हे ऐकून बायका दचकतात. एकीने मला सरळ विचारलं होतं, ‘म्हणजे एवढं करून वाढले?’ नाही वाढले. ३४ डी मध्ये ३८ सी पेक्षा एक कप कमी जागा असते. पिंजरा स्तनांपेक्षा जास्त उतरला, म्हणून फरक वाढला, म्हणून अक्षर पुढे गेलं.

लक्षात आलं असेल की हे सगळं मी तुमच्या टेपवरून काढलं नाही, न बसणाऱ्या ब्रावरून काढलं. ही माझी कामाची सवय आहे आणि तिच्यामागे कारण आहे. स्तनांखालचं माप लेबलावर कसं छापायचं, याबद्दल कंपन्यांमध्ये एकमत नाही. काही जणी ते माप जवळपास जसंच्या तसं छापतात. काही जणी त्यात चार इंच मिळवून छापतात. त्यामुळे खाली ३४ इंच असलेली तीच बाई एका तक्त्यात ३४ आणि दुसऱ्या तक्त्यात ३८ ठरते, आणि दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर असतात. गोंधळ तेव्हा होतो जेव्हा एका कंपनीचा तक्ता वाचून दुसरीची ब्रा घेतली जाते. ओळखायचं कसं? लेबलावर इंचांच्या आकड्याबरोबर ७०, ७५, ८० असा सेंटिमीटरचा आकडाही असेल तर तो आधी वाचा, कारण तो सहसा खालच्या मापाच्या जवळ असतो. ३४ च्या शेजारी ७५ लिहिलेलं दिसलं, तर ती कंपनी चार इंच मिळवणारी आहे. ७५ सेंटिमीटर म्हणजे साडेएकोणतीस इंच. तुमचे ३४ इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर. असल्या ब्राचा पट्टा तुम्हाला बसणार नाही, मग लेबलावर ३४ असो की आणखी काही.

अक्षरांचंही तेच. डी पर्यंत बहुतेक जणी साधारण एका वाटेने चालतात, तिथून पुढे फाटे फुटतात. कुणाकडे डी नंतर डीडी आणि मग ई येतो, कुणाकडे डी नंतर सरळ ई, कुणाकडे डीडी नंतर डीडीडी. म्हणून नव्या कंपनीकडे जाताना जुना साइज मनात ठेवून मागू नका. तिचा तक्ता बघा, घालून बघा आणि मग पुन्हा घालून बघा.

तरीही टेप हवीच. सुरुवात कुठून करायची, हे तीच सांगते. फक्त तुम्ही घेतलेलं एकच माप मला पुरेसं वाटत नाही. खालचं माप श्वास सोडून, टेप जमिनीला समांतर ठेवून, घट्ट घ्या. पाठीमागे टेप हमखास खाली लोंबते, म्हणून आरशात बघा किंवा कुणाला तरी पाठ बघायला सांगा. वरचं माप दोनदा घ्या. एकदा सरळ उभं राहून आणि एकदा कमरेतून पुढे वाकून, पाठ जमिनीला समांतर करून, दोन्ही वेळा टेप सैल ठेवून आणि अंगावर पातळ, पॅड नसलेलं काहीतरी घालून किंवा काहीच न घालता. वजन उतरलेल्या स्तनांत हे दुसरं माप फार महत्त्वाचं. मऊ झालेला स्तन उभं असताना खाली आणि बाजूला पसरतो आणि टेपच्या हातून निसटतो. वाकल्यावर तो सगळा एका जागी येतो. दोन मापांत एक-दीड इंचाचा फरक मी नेहमी बघते, आणि तो फरक म्हणजे एक अख्खा कप. मी दोन्हींची सरासरी धरून सुरुवात करते. तुमचं वाकलेलं माप ३९-४० आलं, तर डीडी चं पारडं जड होईल. पाळीच्या आधीच्या आठवड्यात मात्र मोजू नका. तेव्हा बऱ्याच जणींचे स्तन फुगलेले आणि हुळहुळे असतात.

आता त्या पोकळीबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘बाजूने बाहेर येतं आणि वर रिकामं राहतं, हे एकाच वेळी कसं शक्य आहे?’ शक्य आहे, आणि हा प्रश्न विचारलात म्हणून मला तुमचं उत्तर लांबवावंसं वाटलं.

याची दोन कारणं असतात आणि ती एकमेकांसारखीच दिसतात. पहिलं, कप लहान असणं. लहान कपात स्तन पुरता शिरत नाही, तो कपाला छातीपासून पुढे ढकलतो. कप पुढे तरंगला की त्याची वरची कड अंगाला टेकत नाही आणि वरून बघितलं तर आत जागा दिसते. बाई म्हणते, ‘कप मोठा आहे, रिकामा आहे,’ आणि आणखी लहान घेते. मग आणखी बाहेर येतं, आणखी पोकळी दिसते. या चक्रात मी बायकांना तीन-तीन साइज खाली गेलेलं बघितलंय.

दुसरं कारण आकाराचं. वजन उतरताना बऱ्याच जणींच्या स्तनाचा वरचा भराव आधी जातो. उरलेलं खालच्या अर्ध्यात आणि बाजूला असतं. जागा तेवढीच लागते, पण वेगळ्या ठिकाणी लागते. आणि आपण घेतो काय, तर साच्यात दाबून केलेला जाड पॅडचा गोल कप. त्याचा आकार घालण्याआधीच ठरलेला असतो. तो स्तनाकडे वळत नाही, स्तनाने त्याच्याकडे वळावं अशी त्याची अपेक्षा असते. तारुण्यातला भरलेला स्तन ते करतो. उतरलेला करत नाही, कपाचा वरचा घुमट तसाच रिकामा उभा राहतो.

दोन्हींतलं कुठलं, हे घरीच कळतं. ब्रा घालून, हुक लावून, पुढे वाका. उजवा हात डाव्या कपात घाला आणि काखेकडचं, पाठीकडे सरकलेलं सगळं मऊ मांस कवेत घेऊन कपात आणा. दुसऱ्या बाजूनेही तसंच करा. मग सरळ उभ्या राहा. आता वरून किंवा बाजूने वळी आली, तर कप लहान होता. सगळं आत मावलं, कड कुठे रुतत नाही आणि तरी फक्त वर पोकळी आहे, तर साइज ठीक आहे, आकार चुकलाय. ही मांस आत घेण्याची क्रिया रोज करायची असते. ट्रायल रूममध्ये मी ती करून दाखवते तेव्हा निम्म्या बायका लाजतात, पण आरशात बघून पुन्हा स्वतःहून करतात.

आकार चुकला असेल तर काय घालावं? साच्याचा पॅडेड कप काही महिने विसरा. दोन-तीन तुकडे जोडून शिवलेला पातळ कप घ्या, ज्यात शिवणी दिसतात. त्या शिवणी शोभेच्या नसतात, स्तनाला खालून आणि बाजूने उचलून मध्ये आणायचं काम त्या करतात. वरचा तुकडा ताणणाऱ्या जाळीचा असेल तर फारच चांगलं, कारण तो भराव जेवढा असेल तेवढाच वर येतो आणि उद्या भराव कमी झाला तर त्याच्याबरोबर खाली बसतो. वजन उतरत असताना मी हाच प्रकार सर्वांत आधी हातात देते. कपाची कड थोडी खालून, आडवी जाणारी असेल तर पोकळी उरायला जागाच कमी राहते. टी-शर्टखाली शिवणी दिसतात ही तक्रार खरी आहे, तिच्यावर माझ्याकडे उपाय नाही. ज्या दिवशी अंगाबरोबरचा टी-शर्ट घालायचा, त्या दिवशी पॅडेड घाला आणि पोकळी सहन करा.

अंडरवायर हवी की नको, यावर बायकांत दोन तट आहेत. मी कुणाच्याच बाजूने नाही. तार योग्य जागी असेल तर ती जाणवतही नाही. काखेजवळ तारेच्या टोकावर बोट दाबून बघा. खाली हाड लागलं तर ठीक, मऊ मांस लागलं तर तार स्तनावर बसलीय आणि कप अरुंद आहे. दोन कपांच्या मधला तुकडा छातीच्या हाडाला टेकलेला असावा. तो तरंगत असेल तर पुन्हा तेच, कप लहान. वजन उतरताना बरगड्यांवरचा थर पातळ होतो आणि जी तार पूर्वी कधी टोचली नाही ती टोचायला लागते. तसं झालं तर बिनतारेची, पण रुंद पट्ट्याची घ्या.

आधाराचं म्हणाल तर तो पट्ट्यात असतो. स्ट्रॅप फक्त कपाची वरची कड अंगाशी धरून ठेवतात. स्तनांचा भार पाठीला वळसा घालून जाणाऱ्या पट्ट्याने घ्यायचा असतो, आणि तो घ्यायला पट्टा घट्ट आणि आडवा हवा. तुमच्या ३८ चा पट्टा पाठीवर वर चढतो, म्हणजे पुढे कप खाली झुकलेत आणि सगळं ओझं खांद्यांवर आलंय. अशा वेळी बायका स्ट्रॅप आणखी आवळतात. त्याने पट्टा आणखी वर ओढला जातो आणि खांद्यावर खाचा पडतात. परीक्षा सोपी आहे. दोन्ही स्ट्रॅप खांद्यावरून उतरवून उभ्या राहा. ब्रा बहुतेक जागच्या जागी राहिली पाहिजे. घसरली, तर पट्टा मोठा. पट्ट्याखाली दोन बोटं आडवी सहज जावीत, मूठ जाऊ नये.

इथे वजन उतरवणाऱ्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट येते, ती म्हणजे हुकांच्या रांगा. नवीन ब्रा बाहेरच्या, सगळ्यात सैल हुकावर घट्ट बसेल अशीच घ्यायची. एरवी हे मी इलॅस्टिक सैल पडतं म्हणून सांगते. तुमच्या बाबतीत त्याहून मोठं कारण आहे. तीन रांगांमध्ये साधारण दीड इंचाची सोय असते आणि तुमचा पिंजरा त्या दीड इंचातून हळूहळू आत जाणार आहे. म्हणून तुमची ३६ बी मला खटकली ती कपापेक्षाही पट्ट्यामुळे. तुम्ही विकत घेतली त्या दिवशीच तिची सगळी सोय संपलेली होती.

मग थांबायचं का? नाही. आठ-दहा किलो म्हणजे अजून पाच-सहा महिने, आणि तेवढे महिने पाठीवर चढणाऱ्या ब्रात काढायचे कशाला? पण कपाटही भरू नका. रोजच्या दोन आणि व्यायामाची एक, आत्ता एवढंच. एक धुवायला, एक अंगावर. त्याच ब्राला दोन दिवस सलग घालू नका, इलॅस्टिकला परत आकसायला वेळ लागतो. सुंदर, महागातली, जिच्यावर तुमचा जीव जडलाय ती माप थांबल्यावर घ्या. ते थांबलं हे मी वजनकाट्यावरून ठरवत नाही. सलग दोन-तीन महिने तोच हुक लागतोय आणि कपात बदल नाही, म्हणजे थांबलं.

पुन्हा माप कधी घ्यायचं, हेही किलोंवर सोडू नका. आतल्या हुकावर आलात की मोजा. तेव्हा ३४ डी सैल होईल आणि तुम्ही ३२ कडे जाल. कपात तेवढंच भरत असेल तर ३२ डीडी. कपही ढिला झाला असेल तर ३२ डी. आता हे गणित तुमचं तुम्हाला करता येईल.

इथवरचं एका दमात सांगायचं तर, सैल हुकावर घट्ट बसणारा ३४ चा पट्टा, डी किंवा डीडी चा शिवणींचा पातळ कप, वाकून सगळं मांस आत घेऊन केलेली ट्रायल, आणि रोजच्या घ्यायच्या फक्त दोन.

जुन्या ३८ सी दुरुस्त करता येतील का, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. पट्टा आत घेता येतो. शिवणकाम येणारी कुणीही दोन्ही बाजूंच्या शिवणीतून सारखा सारखा, मिळून इंच-दीड इंच कमी करू शकते. त्याहून जास्त घेतला तर पाठीवरचे स्ट्रॅप आणि काखेतली कड आपली जागा सोडतात. नुसता हुकांच्या बाजूने कापू नका, स्ट्रॅप एकमेकांजवळ येऊन मानेकडे ओढतात. कप मात्र लहान करता येत नाही. करून देते असं कुणी म्हणालं तरी नको म्हणा. तुमच्या बाबतीत चार इंच घ्यावे लागतील, म्हणून त्या ब्रांचं काम संपलं असं समजा. उलट युक्तीही काही जणी करतात. पुढे लागेल ती लहान साइजची ब्रा आत्ताच घेऊन तिला हुकांचा जादा तुकडा जोडतात, वजन उतरलं की काढून टाकतात. गणितात बसतं, पण पाठीवर स्ट्रॅपमधलं अंतर वाढतं आणि ते घसरतात. तुमची घसरणाऱ्या स्ट्रॅपचीच तक्रार आहे, तेव्हा तुम्हाला नाही सुचवणार.

व्यायामाची ब्रा. धावताना स्तन वर-खाली तर हलतातच, शिवाय आजूबाजूला आणि पुढे-मागेही हलतात. त्यांच्या आत स्नायू नसतो. त्यांना धरून ठेवते ती त्वचा आणि आतलं तंतूंचं जाळं, जे ॲस्टली कूपर या शल्यविशारदाच्या नावाने ओळखलं जातं. छातीचे व्यायाम करून स्तनांमागचा स्नायू भरतो, स्तन वर उचलले जात नाहीत. कुणी तसं सांगून काही विकत असेल तर पुढे चला. पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ साली धावण्याच्या त्रासाला कंटाळून तयार झाली, पुरुषांचे दोन जॉकस्ट्रॅप, म्हणजे खेळताना आधाराला घालायचे लंगोट, एकत्र शिवून. आजच्या स्पोर्ट्स ब्रांची तत्त्वं दोन आहेत, दाबून धरा किंवा वेगवेगळं धरा. नुसती दाबणारी, डोक्यातून घालायची बनियनसारखी ब्रा लहान स्तनांना चालते. तुमच्या मापाला दोन कप वेगळे असलेली आणि मागे हुक असलेली घ्या. डोक्यातून घालायच्या ब्रात हुक नसतात, म्हणजे वजन उतरताना आवळायची सोयही नसते. ट्रायल रूममध्ये उड्या मारा. लाजू नका, मी बाहेर उभी राहून मोजते, दहा. स्तन पिंजऱ्याबरोबर उठले-बसले पाहिजेत, मागाहून नव्हे. आणि एक खोल श्वास पोटभर घेता आला पाहिजे.

धुण्याबद्दल फार बोलत नाही. पट्ट्याचा ताण इलॅस्टेनच्या धाग्यात असतो आणि त्याचा शत्रू उष्णता. गरम पाणी, ब्लीच, कपडे मऊ करणारं द्रावण, ड्रायर आणि कडक ऊन, हे पाच टाळा. स्ट्रॅपला धरून वाळत घालू नका, ओल्या कपांच्या वजनाने ते लांबतात.

दोन लहान गोष्टी, तुम्ही विचारल्या नाहीत पण पुढे येतील. एक, वजन उतरताना दोन स्तनांतला फरक जास्त दिसायला लागतो. फरक जवळजवळ सगळ्यांना असतो. मोठ्याच्या मापाने घ्या आणि लहान बाजूच्या कपात पातळ पॅड सरकवा. दोन, स्तनांखाली त्वचा सैल होऊन त्वचेला त्वचा घासते, घाम साचतो आणि लाल चट्टा उठतो. ती घडी कोरडी ठेवा आणि सुती अस्तराची, स्तनाला छातीपासून नीट उचलणारी ब्रा घाला. आठवडाभरात चट्टा गेला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, पावडर लावत बसू नका.

आणि एक गोष्ट माझ्या कामाच्या बाहेरची, तरी प्रत्येकीला सांगते. चरबी कमी झाली की पूर्वी हाताला न लागणारी गाठ लागू शकते. बऱ्याच गाठी साध्या निघतात, पण ते हाताने ठरवायचं नसतं. नवीन गाठ, एकाच स्तनाच्या आकारात अचानक बदल, त्वचेला खळगा, स्तनाग्र आत ओढलं जाणं किंवा त्यातून स्राव, यातलं काहीही दिसलं तर ब्रा राहू द्या, आधी डॉक्टरांकडे जा. प्रयत्न न करता वजन उतरत असेल तरीही तेच. तुम्ही ठरवून उतरवताय, म्हणून हे फक्त वाचून ठेवा.

आता ३४ डी आणि ३४ डीडी घालून बघितल्यावर मला तीन गोष्टी लिहा. वाकून घेतलेलं माप किती आलं, पट्टा कितव्या हुकावर घट्ट बसला, आणि मांस आत घेतल्यावर मधला तुकडा हाडाला टेकला का. आरशातून काढलेला फोटो नको, या तीन उत्तरांवरून पुढचं सांगता येईल.